नवे शॉकअप, नवे स्प्रिंग आणि सरळ न चालणारी गाडी

गाडी २०१५ची डिझेल डिझायर, एक लाख चाळीस हजारांच्या पुढे चाललेली. गाव घाटंजी तालुक्यात, पारव्याच्या बाजूला. नोकरी घाटंजीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, त्यामुळे रोजचं जाणं-येणं याच गाडीने. आमच्याकडचे रस्ते नुसते खड्ड्यांमुळे वाईट नाहीत. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचं डांबर जागोजागी उठतं, खचतं. खड्डा निदान दिसतो. हे उंचसखल दिसत नाही, शॉकअपला मात्र बरोबर कळतं.

ऑगस्ट संपता संपता पुढून धाड-धाड ऐकू यायला लागलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तालुक्यातल्या गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिक भाऊंनी चाक काढून बॅटरी आत मारली. "मॅडम, दोन्ही शॉकअप गेले. तेल पाहा किती निंगालं." उजव्या स्प्रिंगचा खालचा वेढाही तुटला होता. दोन्ही बाजूंचे शॉकअप आणि स्प्रिंग जोडीनेच बदलावे लागतील, असं ते म्हणाले. हे बरोबरच होतं. एका बाजूला नवं आणि एका बाजूला थकलेलं ठेवलं, तर गाडी दोन्हीकडे सारखी दबत नाही.

नेमकी तेव्हाच, ३ सप्टेंबर २०२५ला, जीएसटी परिषदेची बैठक झाली. वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, तोही २२ सप्टेंबरपासून, हे जाहीर झालं. भाऊच म्हणाले, "थांबा न मॅडम थोडं, पैसे वाचते." थांबले. यवतमाळच्या दुकानातून माल यायला मग ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला. शॉकअपची जोडी ४,७००, स्प्रिंगची जोडी २,९००, शॉकअपच्या वरच्या टोकाची दोन माउंटिंग १,७००, डस्ट कव्हर आणि रबरी स्टॉपर ६००. बिल पक्कं घेतलं, त्यावर गाडीचं मॉडेल आणि "डिझेल" असं लिहून घेतलं. तो एक शब्द पुढे फार कामी आला. मजुरी १,८००. एकूण ११,७००.

काम झालं वसुबारसेच्या दिवशी, १७ ऑक्टोबरला. मी जुने सुटे भाग आणि नव्यांचे रिकामे डबे डिकीत टाकून मागितले. भाऊंना थोडं नवल वाटलं, पण दिले. तुम्हीही मागत जा. आपल्याच पैशाचे असतात.

गॅरेजमधून निघाले, तर धाड-धाड गायब. बरं वाटलं. पण गावाबाहेरच्या पहिल्याच वळणानंतर स्टेअरिंग सोडलं, तर ते परत फिरेचना. वळण संपल्यावर स्टेअरिंग हातातून आपोआप मागे येतं, याची इतकी सवय असते, की ते आलं नाही की पोटात गोळा येतो. सरळ रस्त्यावर नव्याने जुवाला जुंपलेल्या गोऱ्ह्यासारखी गाडी एका अंगाला ओढत होती. दिवाळीनंतर कापूस जिनिंगकडे निघाला. भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापून चालतात. त्यांना ओलांडताना मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग आवळून धरायची आणि घरी पोचले की खांदे दुखायचे.

भाऊंकडे परत नेली. "नवीन स्प्रिंग हाय मॅडम, हजार किलोमीटर चालू द्या. बसते मंग बरोबर." हे अगदीच खोटं नाही. नवे स्प्रिंग सुरुवातीला थोडे बसतात, गाडीची उंची किंचित कमी होते. पण स्प्रिंग बसल्याने गाडी एका बाजूला ओढायची थांबत नाही आणि स्टेअरिंग मागे यायला लागत नाही. नवऱ्याने एकदा चालवून पाहिली आणि म्हणाला, "मला तर बरी वाटते." तो आठवड्यातून एकदा चालवतो. गॅरेजमध्ये मात्र सगळे त्यालाच विचारत होते, गाडी कशी चालते म्हणून.

शेवटी एक वही केली आणि नेमकं काय होतं ते चालवून-चालवून लिहिलं. रविवारी बाजार समितीचं सिमेंटचं आवार मोकळं असतं, तिथे जाऊन पाहिलं. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात. त्यावर चांगली गाडीही जराशी डावीकडे सरकते. सपाट जागा मिळाली की खरं काय ते कळतं. वहीत चार गोष्टी आल्या. गाडी सरळ जाताना स्टेअरिंगचा मधला भाग डावीकडे झुकलेला राहतो. ताशी तीसच्या वेगात हात सैल केले की गाडी डावीकडे जाते. वळणानंतर स्टेअरिंग अडकतं, आणि कधी कधी पुढून बारीकसा "टण" आवाज येतो. डावीकडे वळताना गाडी जेवढी झुकते, तेवढी उजवीकडे वळताना झुकत नाही.

या चार तक्रारींना चार वेगळी कारणं निघाली. तोवर प्रत्येक जण आपल्याला दिसलेलं एक कारण दुरुस्त करून "झालं" म्हणत होता, आणि त्याचं तेवढं काम खरोखर झालेलंही असायचं.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी उरकल्या. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं, त्याप्रमाणे सकाळी गार टायरमध्ये हवा भरली. फरक नाही. मग पुढच्या दोन टायरांची अदलाबदल केली. टायरमुळे गाडी ओढत असेल, तर अदलाबदलीनंतर ओढ बाजू बदलते. बदलली नाही. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर असं करू नका.) एखादा ब्रेक चिकटून राहत असेल, तर त्या बाजूची रिम जास्त तापते. थोडं चालवून दोन्ही रिमजवळ तळवा नेऊन पाहिला, लावला नाही. सारख्याच कोमट होत्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्धी किरकोळ रजा टाकून यवतमाळला संगणकावरच्या अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, गेले. ४५० रुपये. निघताना डिकीतली खताची पिशवी आणि मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, फवारणीचं यंत्र घरी उतरवलं. गाडीत जादा वजन असलं, तर उंची बदलते आणि कोनही बदलतात. पडद्यावर पुढच्या दोन्ही चाकांचे टो, म्हणजे चाकं पुढून आत-बाहेर किती वळली आहेत तो कोन, लाल; मर्यादेबाहेर. शॉकअप काढून बसवले, की हे होणारच. शॉकअपची खालची बाजू चाकाच्या नकलला, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या भागाला, दोन बोल्टने आवळलेली असते. ते सोडून पुन्हा आवळले, की चाकाचा कोन थोडाफार हलतो. म्हणून या कामानंतर अलाइनमेंट करावीच लागते. मला गॅरेजमध्ये हे कोणी सांगितलं नव्हतं.

तिथल्या काम करणाऱ्या मुलाने स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा टाय रॉड फिरवून टो हिरव्यात आणला. स्टेअरिंग सरळ झालं. वहीतली पहिली ओळ खोडली. बाकीच्या तीन तशाच.

मी छापील कागद मागून घेतला. त्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल: डावं उणे ० अंश १० मिनिटं, उजवं उणे १ अंश ५ मिनिटं. जवळपास एक अंशाचा फरक. "कॅम्बर आपल्या गाडीत सेट नाई होत मॅडम," मुलगा म्हणाला. गाडीत कॅम्बर फिरवायला टाय रॉडसारखी सोय नाही, हे खरं. पण मग दोन बाजूंत एवढा फरक कुठून आला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. दोन चाकांचा कॅम्बर वेगळा असला, की ज्या बाजूचा आकडा कमी उणे, म्हणजे अधिककडे झुकलेला, त्या बाजूला गाडी जाते. माझ्या गाडीत ती डावी. म्हणजे ओढीचं कारण कागदावर छापून आलं होतं. त्यावर काही करायला तिथे कोणी नव्हतं.

मग नोव्हेंबर नगरपरिषद निवडणुकीच्या ड्युटीत आणि प्रशिक्षणांत गेला. गाडी तशीच चालवली. वेग पन्नासच्या खाली ठेवला, रात्री चालवणं टाळलं. टाळता येत नसे, तेव्हा नवऱ्याला उठवत असे.

निवडणुकीच्या धावपळीतच एका सहकाऱ्याने पांढरकवड्याच्या एका वयस्कर मेकॅनिकचं नाव सुचवलं. राष्ट्रीय महामार्ग ४४वर, ज्याला आमच्याकडे अजून जुना सात नंबर म्हणतात, त्याच्या कडेला एक साधी टपरी. लिफ्ट नाही, दोन जॅक, लाकडी ठोकळे आणि एक स्प्रिंग कंप्रेसर. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी वही आणि अलाइनमेंटचा कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. तोवर माझं म्हणणं कोणी पूर्ण ऐकलंही नव्हतं, त्यामुळे त्यांच्या टपरीवरचा काळा चहाही गोड लागला.

पुढची चाकं जमिनीवरच ठेवून चाचांनी मला आत बसवलं. वाकून, चाकाच्या वरच्या पोकळीतून हात घालून डाव्या स्प्रिंगवर ठेवला. "स्टेरिंग फिरव बेटा. हळू. अजून." मग मला बाहेर बोलावून तिथेच हात ठेवायला लावला आणि पोऱ्याला आत बसवलं. स्टेअरिंग फिरलं, की स्प्रिंगने शॉकअपबरोबर सहज फिरायला हवं. इथे स्प्रिंग आधी पिळला जात होता, आणि पीळ फार झाला, की माझ्या तळव्याखाली एकदम "टण" करून सुटत होता. उजवीकडे तसंच, थोडं कमी. शॉकअपच्या वर, माउंटिंगच्या खाली एक बेअरिंग असतं. ते गच्च झालं, की पिळलेला स्प्रिंग चाकाला आपल्या बाजूला धरून ठेवतो आणि स्टेअरिंग मागे येत नाही. ही तपासणी तुम्हीही करू शकता. फक्त बोटं वेढ्यांच्या मध्ये घालू नका, बाहेरून तळवा टेकवा.

"बेअरिंग नवीन टाकले का?" चाचांनी विचारलं. मी बिल काढलं. "माउंटिंग, नग २." त्यात बेअरिंगचा उल्लेखच नव्हता. माउंटिंग आणि बेअरिंग हे वेगळे सुटे भाग आहेत, वेगळे विकत घ्यायचे असतात. गॅरेजने नव्या माउंटिंगखाली जुनीच बेअरिंग बसवली होती. काढल्यावर दिसलं, आत काळ्या मातीचा वाळलेला लगदा आणि गंज. सस्पेन्शनचं काम काढाल, तर यादीत "बेअरिंग" हा शब्द वेगळा आहे का, तेवढं पाहा. दोन्हींचे मिळून ५६० रुपये लागले. तेवढ्यासाठी महिनाभर जीव मुठीत धरून चालवत होते.

झुकण्याची गोष्ट राहिली होती. चाचांनी टेप घेतला आणि चाकाच्या मधोमधपासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत उंची मोजली. रिकामी गाडी, सपाट फरशी. डावीकडे ३९.५ सेंटिमीटर, उजवीकडे ३७.७. उजवीकडे बसकी आहे, हे आधी दोघांना दाखवलं होतं. "ड्रायव्हरची बाजू हाय, वजन पडते" असं उत्तर मिळालं होतं. पण गाडीत कोणी बसलेलं नसताना कोणाचं वजन पडतं? अशी उंची मोजायला घरचा टेप पुरतो. जमिनीपासून न मोजता चाकाच्या मध्यापासून मोजायचं, म्हणजे टायरची हवा आणि झीज आड येत नाही.

मग चाचांनी स्प्रिंगवर पुसलेल्या रंगाच्या खुणा शोधल्या. कारखान्यात स्प्रिंगची ताकद ओळखू यावी म्हणून रंगाचे ठिपके मारतात. डावीकडे एक रंग, उजवीकडे दुसरा. "हे पाह. दोन अलग माल हाय."

घरी आल्यावर डबे शोधले. मामाजींनी ते डिकीतून काढून गोठ्याच्या फळीवर लावले होते. एकात खिळे, एकात तुरीचं बियाणं. "डबे कायले फेकाचे?" हे त्यांचं कायमचं धोरण आहे, आणि या एका बाबतीत मी त्यांच्याशी पुन्हा वाद घालणार नाही. बियाणं दुसरीकडे ओतून लेबल वाचलं. एका डब्यावर डिझेल, दुसऱ्यावर पेट्रोल. डिझेल इंजिन जड असतं, म्हणून त्याच्या पुढच्या स्प्रिंगला जास्त जोर लागतो. पेट्रोलचा मऊ स्प्रिंग उजवीकडे बसवल्यामुळे ती बाजू खाली बसत होती. डावीकडे वळताना वजन उजवीकडे जातं, म्हणून तिकडे जास्त झुकत होती. वहीतल्या चौथ्या ओळीचं उत्तर खिळ्यांच्या डब्यावर छापलेलं होतं.

यवतमाळच्या दुकानदाराचं पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच: बसवलेला माल परत होत नाही. मी भांडले नाही. साध्या कागदावर अर्ज लिहिला: बिलाचा क्रमांक, तारीख, बिलावर "डिझेल" लिहिलेलं असताना एक नग पेट्रोलचा दिला, सोबत बिलाची आणि दोन्ही लेबलांची झेरॉक्स. दोन प्रती. एकीवर शिक्का आणि सही घेऊन पोच ठेवली. पोच मागितल्याबरोबर बोलण्याचा सूर बदलला. नसता बदलला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या किंवा सेवेच्या तक्रारीला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. मला तिथवर जावं लागलं नाही. आठवड्याभरात योग्य स्प्रिंग आला, फरकाचे पैसेही मागितले नाहीत.

डिसेंबरच्या मध्यावर चाचांनी सगळं पुन्हा उघडलं. तेव्हा मी जवळ उभी होते, पण स्प्रिंग दाबताना त्यांनी मला टपरीबाहेर काढलं. दाबलेला स्प्रिंग कंप्रेसरमधून निसटला, तर माणूस जायबंदी होतो. यूट्यूब पाहून घरी करायचं काम नाही हे. नवी बेअरिंग हाताने फिरवून दाखवली, लोण्यासारखी नव्हे पण सुरळीत. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलं की नाही, हे बॅटरी मारून पाहिलं. वरचा मधला नट त्यांनी हातपान्याने आवळला. हवेच्या गनने तो मारला, की आतला दांडाच गरगर फिरतो, असं त्यांचं म्हणणं. नकलचे दोन बोल्ट आवळण्याआधी चाकाची वरची बाजू डावीकडे आत दाबून धरली, उजवीकडे बाहेर ओढून धरली. बोल्टच्या भोकात जी बारीकशी ढिलाई असते, तेवढ्यातच कॅम्बर जुळतो. लिंक रॉडचे नट गाडी चाकांवर उभी केल्यावर शेवटचे आवळले. मजुरी १,५००.

त्यानंतर पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा ४५०. पहिले ४५० एका अर्थी वाया गेले, कारण आतलं यंत्र चुकीचं असताना कोन जुळवून उपयोग नसतो. पण त्या कागदाशिवाय कॅम्बरचा फरक कळला नसता, म्हणून तक्रार नाही. या वेळी कॅम्बर डावं उणे ० अंश ३० मिनिटं, उजवं उणे ० अंश ३५. उंची डावीकडे ३९.२, उजवीकडे ३९. यवतमाळहून परतताना वळणावर स्टेअरिंग सैल सोडलं आणि ते आपोआप मागे आलं. शेजारी बसलेल्या मामाजींना काही कळलं नाही, ते तुरीचे भाव बोलत होते.

तालुक्यातल्या भाऊंना सगळं सांगितलं. रागाने नाही, डबा आणि बेअरिंग दाखवून. त्यांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिलं, आणि मजुरीतले ८०० रुपये न मागता परत दिले. इंजिनाची कामं मी अजून त्यांच्याकडेच करते. तिथे त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही.

हिशोब: पहिले ११,७००, दोन अलाइनमेंट ९००, बेअरिंग ५६०, चाचांची मजुरी १,५००, वजा ८००. म्हणजे १३,८६०. जाण्या-येण्याचं डिझेल आणि रजा वेगळ्या. बेअरिंग पहिल्यांदाच यादीत असतं आणि डबे बसवण्याआधी वाचले असते, तर साडेबारा-तेरा हजारांत, दिवाळीच्या सुटीतच काम संपलं असतं.

उजव्या पुढच्या टायरची आतली कड या महिन्यांत बरीच खाल्ली गेली. तो टायर मागे टाकला आहे. मागचे शॉकअप जुनेच आहेत. चाचांनी डिकीवर जोर देऊन सोडून पाहिलं, गाडी एका उसळीत थांबली. पावसाळ्यापर्यंत चालतील म्हणाले.